मनगट मशीनचं, बोट आईचं

ब्रेड मेकर कुठल्या घरात असतो? तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं तेच माझ्याही यायचं. बाणेर नाहीतर पवईतला बाराव्या मजल्यावरचा टू बीएचके. मॉड्युलर किचन. ओट्यावर कॉफी मशीन आणि त्याच्या बाजूला तो पांढरा, चौकोनी, जरा ओव्हरस्मार्ट दिसणारा डबा. बहुतेक लग्नात प्रेझेंट आलेला. पहिल्या महिन्यात सॉलिड उत्साह, चार ब्रेड, चौदा फोटो. मग हळूहळू त्याच्यावर धुतलेले कप उपडे घालायला सुरुवात. आणि दोन वर्षांनी 'हार्डली यूज्ड' म्हणून विकायला काढलेला.

आमचा ब्रेड मेकर जयगडला आहे. तांदळाचा डबा आणि जुना मिक्सर यांच्या मधोमध. आणि तो आठवड्यातून चार दिवस चालतो.

जयगड माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. गणपतीपुळ्याला आलेले लोक 'अजून काय बघायचं?' म्हणून पुढे निघतात आणि इथला किल्ला बघून जातात. रत्नागिरीपासून साधारण ४५ किलोमीटर. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. किल्ला, दीपगृह, पलीकडे तवसाळला नेणारी फेरीबोट, मोठं बंदर आणि १२०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प. म्हणजे गाव अगदीच झोपलेलं नाही. पण इथे पाव म्हणजे लादीपाव, आणि तो सकाळी साडेसातला स्कूटरवरून पों पों करत दारात येतो. घरी करायची ती भाकरी.

मी फ्रीलान्स पत्रकार. मास कॉमची डिग्री, मुंबईत तिघींत मिळून भाड्याचा फ्लॅट, महिन्याला पाच-सहा लेख आणि पेमेंट कधी येणार याचं कायमचं टेन्शन. गेली दोन वर्षं महिन्यातले पंधरा दिवस मी जयगडला असते. मैत्रिणी म्हणतात, वर्क फ्रॉम कोकण, किती कूल! कारण तितकंसं कूल नाही. कारण आईचे हात आहेत.

भाकरी जाड झाली तेव्हा

आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे सरसकट 'संधिवात' म्हणून मोकळे होतात आणि संधिवात म्हटलं की आजीचे गुडघे आठवतात. हा प्रकार वेगळा. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. बहुतेकांचे आधी हातापायांचे छोटे सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बराच वेळ बोटं वळत नाहीत. तो तरुण वयातही होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. औषधांनी आटोक्यात राहतो, आईचाही राहिला आहे. पण तोपर्यंत मनगटातली ताकद गेली ती गेली.

आता तांदळाची भाकरी कशी होते ते आठवा. उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, मग ती उकड परातीत घेऊन गरम असतानाच तळहाताच्या बुडाने रगडायची. तांदळात ग्लूटेन नसतं, त्यामुळे गव्हाच्या कणकेचा चिवटपणा त्याला नाही. उकडीमुळे पीठ चिकट होतं आणि मळणाऱ्याच्या जोरावर एकसंध होतं. जोर कमी पडला की थापताना कडा फाटतात.

आईने कधी काही सांगितलं नाही. आधी भाकरी जाड झाली. मग लहान झाली. मग फक्त रात्रीच्या जेवणाला उरली. आणि एक दिवस बांगड्याच्या कालवणाबरोबर ताटात पाव आला. बाबा निमूट जेवले. बाबा निवृत्त शिक्षक. मीठ, तिखट, भात किती मोकळा, या सगळ्यावर त्यांचं मत असतं आणि ते मत ते तीस वर्षं रोज देत आले आहेत. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. त्यावरूनच मला कळलं की हे बरेच दिवस चाललंय.

स्वयंपाकाला बाई लावू म्हटलं तर आई म्हणाली, "मी घरात असताना?" भाकऱ्या मी करते म्हटलं तर म्हणाली, "आणि तू मुंबईला गेलीस की?" दोन्ही प्रश्न बिनतोड. जी बाई घरातल्यांना, पाहुण्यांना आणि आगरात कामाला आलेल्या माणसांना गरम भाकरी वाढायची, ती आता सकाळी हॉर्नकडे कान लावून बसायची. आणि पाववाला दादा एखाद्या दिवशी आला नाही की दिवसभर तिचं तोंड एवढंसं.

दुबईचा डबा

कोकणात बहुतेक प्रत्येक घराचं कुणी ना कुणी आखातात असतं. आमची आत्येबहीण दुबईत. ती घर बदलत होती, सामान कमी करत होती. मे महिन्यात तिने पाठवलेल्या खोक्यात चॉकलेटं, बदाम, अत्तराच्या बाटल्या आणि सगळ्यात खाली जाड टॉवेलात गुंडाळलेला ब्रेड मेकर निघाला. (तुमच्याही नातेवाइकांकडून असा डबा येणार असेल तर एक टिप: आखातातली वीज आपल्यासारखीच साधारण २३० व्होल्टची, त्यामुळे फक्त प्लगला ॲडाप्टर लागतो. अमेरिकेत किंवा जपानमध्ये वापरायचं मशीन सरळ आपल्या भिंतीत खुपसलं तर जळून जाईल.)

आईने डब्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "पाव? घरी? पाव काय घरी करायची वस्तू आहे का गो?"

हसू नका. तिच्या बोलण्यात दम आहे. आपल्या स्वयंपाकघरात चूल होती, तवा होता, कढई होती, मोदकपात्र होतं. भट्टी नव्हती. आंबवणं आपल्याला नवीन नाही, आंबोळीचं पीठ रात्रभर फुगतच असतं. पण ते आपण तव्यावर घालतो. पाव कायम बाहेरून आला. शब्दसुद्धा बाहेरचा, पोर्तुगिजांबरोबर आलेला. माझ्या पणजीचं म्हणे ठाम मत होतं की पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, आणि तिच्या हयातीत तो आमच्या घरात आला तो फक्त तापात, दुधात बुडवून, औषध म्हणून.

तिच्याही आधी प्रकरण आणखी गंभीर होतं. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी निघाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्यातलं मोठं नाव. सभासद व्हायचं तर आपण जातिभेद मानत नाही हे दाखवावं लागे, आणि ते दाखवायची रीत काय? ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा! शिकलेसवरलेले लोक दार लावून पाव खात होते आणि बाहेर कळेल म्हणून घाबरत होते. १८६० मध्ये सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. त्याच महाराष्ट्राचं आज वडापावाशिवाय पान हलत नाही. पण एवढं होऊनही पाव घरात भाजायची सवय आपल्याला लागली नाही. आपण तो विकतच आणला.

तर आईच्या दृष्टीने हा डबा म्हणजे लेकीचं शहरी खूळ होतं. तिने त्याच्यावर एक क्रोशाचा रुमाल घातला. फ्रिजवर असतो तसा.

ओसाकाच्या बेकरचा हात

मशीन सुरू करायच्या आधी मी माझ्या धंद्याला जागून त्याची जन्मकुंडली काढली. एमबीए केलेल्यांनी ही गोष्ट कुठल्यातरी लेक्चरला ऐकली असेल. बाकीच्यांसाठी सांगते.

१९८५ साली ओसाकातली मात्सुशिता कंपनी, म्हणजे आजची पॅनासॉनिक, घरगुती ब्रेड मशीन बनवायच्या मागे होती. काही केल्या जमेना. बाहेरून करपायचं, आतून कच्चं. इंजिनिअरांनी हाताने मळलेल्या आणि मशीनने मळलेल्या पिठाचे एक्स-रेसुद्धा काढून बघितले. उपयोग शून्य. शेवटी इकुको तानाका नावाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरने एक साधी आयडिया काढली. शहरातल्या ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड नावाजलेला होता. तिने तिथल्या मुख्य बेकरकडे उमेदवारी पत्करली. त्याच्या शेजारी उभं राहून पीठ मळायचं, बास. एक दिवस तिच्या लक्षात आलं की तो पीठ नुसतं रगडत नाही, ओढताना त्याला पीळही देतो. इंजिनिअरांबरोबर वर्षभर खटपट करून हा पीळ मशीनमध्ये उतरवला गेला. त्यासाठी भांड्याच्या आतल्या बाजूला खास उभे कंगोरे आले. १९८७ मध्ये मशीन बाजारात आलं आणि तुफान विकलं गेलं. इकुजिरो नोनाका या जपानी प्राध्यापकांनी १९९१ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त ही गोष्ट लिहिली आणि ती जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गात पोचली. फंडा असा की हाताला येतं पण तोंडाने सांगता येत नाही, असं ज्ञानसुद्धा मशीनमध्ये उतरवता येतं.

आमच्या मशीनचं ब्रँड वेगळं आहे, पण भांड्यात हात घातला तर कंगोरा लागतो. मी आईला तो दाखवला. ही गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्या बाईने त्याच्या हाताखाली वर्ष काढलं, मग लोखंडाला शिकवलं." हो, तसंच. "मग लोखंडाला पाऊस कळतो का?"

गंमत म्हणजे हाच प्रश्न २००७ मध्ये रॉड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स या दोन अभ्यासकांनी एका पेपरात विचारला होता, अर्थात जड भाषेत. त्यांचं म्हणणं, बेकरचं सगळं ज्ञान मशीनमध्ये उतरलेलं नाही. उतरली ती हाताची एक ठरावीक हालचाल. पीठ कसं आहे, हवा कशी आहे, खाणाऱ्याला काय आवडतं, हे सगळं अजून मशीनच्या बाहेरच आहे आणि ते मशीन वापरणारी माणसं आपल्या नकळत पुरवत असतात. कार्डिफ विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञाचं आणि जयगडच्या आईचं एकमत व्हायला हरकत नाही.

पाऊस प्यायलेलं पीठ

पहिला ब्रेड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केला. बरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं तसाच. ग्रॅमला ग्रॅम, मिलिलिटरला मिलिलिटर. अडीच तास तो काचेतून झक्कास फुगत गेला, झाकणाला टेकला आणि भाजायची वेळ आली तसा मधोमध खचला. बाहेर काढला तेव्हा किल्ल्याच्या खंदकासारखा दिसत होता. पुस्तिका लिहिणाऱ्याने कोरड्या, एसीच्या हवेतलं किचन धरलं असणार. आमच्याकडे बाहेर मुसळधार आणि आत तीस अंश.

दुसऱ्या दिवशी मी परत मशीन लावलं. पातं फिरायला लागलं, थांबलं. आई मागे येऊन उभी राहिली. झाकण उघडायला सांगितलं आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पिठाच्या गोळ्यावर टेकवलं. फक्त टेकवलं. दाबायची ताकद तिच्याकडे नाही आणि गरजही नव्हती.

"सैल आहे. पीठ आधीच पाऊस पिऊन बसलंय. चमचाभर पीठ घाल."

घातलं. पातं पुन्हा फिरलं. पुन्हा बोट.

"अजून अर्धा. पुरणपोळीच्या कणकेला येतो तसा ताण येऊ दे. उकड दाबली की दबते. हे दाबलं की परत वर येतंय. मजाच आहे."

मी शेजारी उभी राहून बघत होते. आयुष्यभर जिने तांदळाची उकड मळली, म्हणजे ज्याला ताण असा नसतोच ते पीठ, तिला पाच मिनिटांत ग्लूटेन कळलं होतं. पुरणपोळीची कणीक आपण तेल लावून तिंबतो, ती का, याचं उत्तरही हेच: पिठातली प्रथिनं पाण्याबरोबर जाळी धरतात आणि मळल्याने ती जाळी मजबूत होते. पोळी न फाटता पुरण धरते ती जाळी, ब्रेडमध्ये यीस्टचा वायू धरते. आईला यातला एकही शब्द माहीत नव्हता. बोटाला सगळं माहीत होतं.

त्या दिवशीचा ब्रेड खचला नाही. रुमाल पुन्हा फ्रिजवर गेला.

आमच्या घरातली कामाची वाटणी तेव्हापासून ठरून गेली. जोर मशीनचा, निर्णय आईचा. मी वजनकाटा सांभाळते, आणि मी नसते तेव्हा बाबा. आईने दोन महिन्यांत पुस्तिकेतले ग्रॅम आपल्या वाटीत बसवले आणि एका वहीत महिन्यांप्रमाणे लिहून ठेवले. जून ते सप्टेंबर पाणी दोन चमचे कमी. एप्रिल-मेमध्ये पाणी माठातलं, कारण गरमीत यीस्ट धावतं आणि ब्रेड घाईने फुगून बसतो. जानेवारीत पाणी कोमट. ही वही कुठल्याही ब्रेड मशीनबरोबर मिळत नाही.

हळदीच्या पानातला ब्रेड

श्रावणातला एक दिवस. मशीन लावलेलं, पीठ दुसऱ्यांदा फुगत होतं. वारा सुटला, वरच्या वळणावर नारळाची झावळी तारेवर पडली आणि वीज गेली. आमच्या मशीनची स्मरणशक्ती दहा मिनिटांची आहे. तेवढ्यात वीज आली तर ते सोडलेल्या ठिकाणाहून पुढे चालू होतं, नाहीतर सगळं विसरतं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पीठ भांड्यातून वर यायला लागलं. आमच्याकडे ओव्हन नाही.

आई म्हणाली, "मोदकपात्र काढ."

नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी आगरात हळद लावलेली होतीच. चार पानं आणली. पिठाचे गोळे मी केले, कसे ते तिने सांगितलं: "मोदकाचं तोंड मिटतेस तसं खाली ओढून घे. वरून ताणलेलं राहू दे." हळदीच्या पानावर गोळे ठेवून दहा मिनिटं तसेच झाकले आणि वीस मिनिटं वाफवले. झाकण काढलं तेव्हा पांढरे शुभ्र, गुबगुबीत पाव, खालून हळदीच्या पानाच्या शिरा उमटलेले, आणि घरभर पातोळ्यांचा वास. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर बाबांनी चार खाल्ले.

चीनमध्ये, जपानमध्ये असे वाफवलेले पाव पिढ्यान्‌पिढ्या होतात हे मी नंतर तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडेही वीज जात असेल."

आता पावसाळ्यात वीज गेली की आमच्याकडे टेन्शन नसतं. उलट शेजारच्या काकू विचारायला येतात, आज हळदीच्या पानातले आहेत का म्हणून.

थोडा हिशोब

तुम्ही प्रॅक्टिकल माणसं, मशीन घ्यायचं की नाही हे तुम्हाला ठरवायचं असेल. तर सरळ सांगते.

पैसे फारसे वाचत नाहीत. एका ब्रेडला ४०० ग्रॅम पीठ, थोडं तेल किंवा लोणी, चमचाभर यीस्ट आणि साधारण अर्धा युनिट वीज. मशीनची किंमत धरली तर विकतचा ब्रेड बराच काळ स्वस्त पडेल. वेळही मोजला तर साडेतीन तास. पण त्यातली तुमची दहा मिनिटं. बाकीच्या वेळात मी मुलाखती टाइप करते.

आत काय आहे हे आपल्याला माहीत असतं, हा फायदा मात्र खरा. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तिथल्या ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले आणि ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडल्याचं जाहीर केलं. ब्रोमेट पीठ चांगलं फुगावं म्हणून घालत असत. पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटवर बंदी घातली. घरच्या ब्रेडमध्ये पाच-सहा जिन्नस असतात आणि सगळे तुमच्या डब्यातले. त्याची दुसरी बाजू म्हणजे तो टिकत नाही. कोकणातल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी ठरलेली. त्यामुळे आजचा उद्यापर्यंत संपवायचा, किंवा काप करून फ्रीजरमध्ये.

चवीचं म्हणाल तर हा लादीपाव नाही. लादीपाव म्हणजे भट्टीची धग आणि एकमेकांना चिकटून वाढलेले गोळे, ते या डब्यात होणं शक्य नाही. म्हणून मिसळीच्या रविवारी आणि वड्यांच्या दिवशी आम्ही अजूनही हॉर्नची वाट बघतो. पाववाल्या दादाने एकदा विचारलंच, "वहिनी, हल्ली घेत नाही?" आईने घरचा ब्रेड कापून त्याच्या हातात ठेवला. त्याने बोटांनी दाबला, वास घेतला आणि म्हणाला, "मस्त आहे. पण गरम असताना कापू नका, आत चिकट होतो. थंड होऊ द्या." एका हातातून दुसऱ्या हातात गेलेलं ज्ञान. नोनाका सर खूश झाले असते.

आणि भाकरी? ती परत आली नाही, हे सांगायलाच हवं. आम्ही उकड मशीनमध्ये घालून बघितली. गोळा पात्याला चिकटून गरगर फिरत राहिला, मळला काही गेला नाही. ओसाकाच्या बेकरने तांदळाची उकड कधी मळली नसणार. आईने तो गोळा काढला, माझ्याकडे दिला, आणि मी बाजूला उभी राहून ती सांगेल तशी भाकरी थापली. कडा फाटल्या. ती काही बोलली नाही. काही गोष्टींना यंत्र नसतं, आणि त्या शिकायला माणसाला हाताखालीच उभं राहावं लागतं. मी आता आठवड्यातून दोनदा उभी राहते.

करून बघायचं असेल तर

हे आमच्या वहीतलं, अर्ध्या कणकेच्या ब्रेडचं प्रमाण. मैदा २०० ग्रॅम, गिरणीतून दळलेली कणीक २०० ग्रॅम, पाणी २७० मिलिलिटर (पावसाळ्यात दोन मोठे चमचे कमी), तेल दीड मोठा चमचा, साखर दीड मोठा चमचा, मीठ सव्वा छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट एक छोटा चमचा.

आमच्या मशीनमध्ये आधी पातळ पदार्थ, मग पीठ आणि सगळ्यात वर मधोमध खळगा करून यीस्ट घालायचं असतं. मीठ कोपऱ्यात. मीठ आणि यीस्ट सुरुवातीलाच अंगाला अंग लावून ठेवू नका. तुमच्या मशीनचा क्रम वेगळा असेल तर तो पाळा.

सगळा ब्रेड कणकेचा करायचा हट्ट पहिल्या दिवशी नको. गिरणीच्या दगडात गव्हातला स्टार्च जास्त भरडला जातो, म्हणून आपली कणीक पाणी जास्त पिते आणि पोळी मऊ होते. पण त्यातला कोंडा ग्लूटेनची जाळी तोडतो आणि ब्रेड दडस होतो. अर्ध्यापासून सुरुवात करा, मग कणीक वाढवत न्या.

यीस्टचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये. दमट हवेत ते लवकर मरतं.

आणि मुख्य म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत एकदा झाकण उघडा. पातं थांबलेलं असताना गोळ्यावर बोट टेकवा. बोटाला किंचित चिकटून सुटला पाहिजे. चिखल वाटला तर पीठ, दगड वाटला तर पाणी, पण एका वेळी एकच चमचा. मशीन ४० बटणांचं असो की चार, हे काम त्याच्याकडे नाही.

मी केला

मागच्या गणपतीत घरात अठरा माणसं होती. मुंबईहून आलेले काका-काकू, चुलत भाऊ, त्यांची पोरं. नैवेद्याचे मोदक सगळ्या बायकांनी मिळून वळले. आई पाटावर बसून कळ्या मोजत होती, तिच्या बोटांना कळ्या पाडणं आता होत नाही. पण सकाळच्या चहाबरोबर दोन ब्रेड लागायचे. त्यामुळे मशीन रात्री एकदा आणि पहाटे एकदा, असं पाच दिवस न थांबता चाललं. पहाटेच्या फेरीला आई स्वतः उठायची, बोट टेकवायला.

गौरी जेवल्या त्या दिवशी मुंबईच्या काकूंनी विचारलं, "ब्रेड कुठल्या बेकरीचा गो? इथे जयगडात एवढा छान मिळतो?"

"मी केला," आई म्हणाली.

बटण मी दाबलं होतं, वजन बाबांनी केलं होतं, मळला-भाजला मशीनने. कुणीही दुरुस्ती केली नाही, कारण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाबांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि चष्मा वर करत म्हणाले, "मीठ किंचित कमी आहे. आणि कडा जरा कडक झाल्यात."

"मग उद्यापासून पाव आणा," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटलीत दुसरा काप वाढला.